फिन्ले यांची छायाचित्रे आणि चौकटीबाहेरचे पाणी

रामायणाच्या बालकांडातील क्रौंचवधाचा प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. व्याधाच्या बाणाने जोडीतील नर कोसळला, मादीचा आक्रोश ऋषींच्या कानी पडला आणि शोकाचा श्लोक झाला. काव्याचा जन्म एका पक्ष्याच्या मृत्यूतून झाला, असे आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. परंतु या प्रसंगाच्या किंचित आधी कवीने काय सांगितले आहे, याचे स्मरण फार थोड्यांस असते. स्नानासाठी तमसेच्या तीरावर आलेले वाल्मीकी शिष्य भरद्वाजास प्रथम दाखवितात ते नदीचे पाणी. त्यात गाळ नाही, ते सज्जनाच्या मनासारखे प्रसन्न आहे, असे ते म्हणतात. क्रौंचांची जोडी त्यांच्या दृष्टीस पडते ती त्यानंतर. आधी पाणी, मग पक्षी आणि मग व्याध, असा हा क्रम आहे.

अमेरिकेतील ओरेगन राज्याचे छायाचित्रकार व चित्रपटकार विल्यम लव्हेल फिन्ले (१८७६–१९५३) यांचे काम पाहताना हा क्रम मला वारंवार आठवला. फिन्ले आणि त्यांचे बालमित्र हर्मन बोलमन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घेतलेली पक्ष्यांची छायाचित्रे आज ओरेगन हिस्टॉरिकल सोसायटी व ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटी यांच्या संग्रहांतून घरबसल्या पाहता येतात. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा गौरवाचे असते. छायाचित्राच्या बळावर या माणसाने तीन अभयारण्ये मिळविली, असा त्या गौरवाचा आशय असतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. फिन्ले यांच्या चित्राने व्याधाचा हात धरला, पाणी वळविणाऱ्याचा हात मात्र त्याला धरता आला नाही. आणि याचे एक कारण त्या चित्राच्या चौकटीतच शोधावे लागते. प्रस्तुत लेखात मला एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम तो काळ ध्यानात घ्यावयास हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख आणि कधी कधी अख्खा पेंढा भरलेला पक्षी मिरवीत असे. पांढऱ्या बगळ्यांना विणीच्या हंगामात पाठीवर जी नाजूक तुऱ्यासारखी पिसे फुटतात, ती वजनावर सोन्याहून महाग विकली जात. ती पिसे त्याच हंगामात असतात, म्हणून शिकारीही त्याच हंगामात होई. घरट्यावरील जोडपे मारले जाई आणि पिल्ले उपाशी मरत. वाल्मीकींच्या व्याधाने एक नर मारला, या व्याधांनी वसाहतीच्या वसाहती नष्ट केल्या. १९०० साली लेसी कायदा झाला आणि १९०३ साली ओरेगन राज्याने पक्षिरक्षणाचा आपला कायदा केला. परंतु ओसाड किनाऱ्यावर अथवा मैलोगणती पसरलेल्या दलदलीत कायदा पाहावयास जातो कोण? तेथे जाणारा साक्षीदार हवा होता. फिन्ले आणि बोलमन हे ते साक्षीदार होत.

हे दोघे आरंभापासून साधुवृत्तीचे होते असे मात्र नव्हे. त्या काळच्या पक्षिप्रेमी मुलांप्रमाणे पोर्टलँड शहरात वाढताना त्यांनीही पक्ष्यांची कातडी आणि अंडी गोळा केली. पक्ष्याविषयीचे प्रेम म्हणजे त्याला मारून कपाटात ठेवणे, अशीच तेव्हा रीत होती. हळूहळू बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. ज्याने स्वतः अंडी उचलली आहेत त्याला घरटे कोठे असते, पक्षी केव्हा उडतो आणि केव्हा परततो, हे सर्व ठाऊक असते. फिन्ले यांच्या चित्रांतील जवळीक या जुन्या व्याधविद्येची ऋणी आहे, हे त्यांच्या टीकाकाराने विसरू नये.

ओरेगनच्या किनाऱ्यालगत समुद्रात ‘थ्री आर्च रॉक्स’ नावाचे खडक आहेत. मर्र नावाचे काळेपांढरे समुद्रपक्षी तेथे हजारोंच्या संख्येने, खांद्याला खांदा लावून, उघड्या कातळावर अंडी घालतात. पफिन, पाणकावळे आणि समुद्रसिंह यांचीही तेथे वस्ती आहे. १९०३ साली हे दोन मित्र लहान होडीतून फुटत्या लाटा ओलांडून या खडकावर उतरले आणि पंधरवडाभर तेथे राहिले. कॅमेरा जड, त्यातील काचेच्या पट्ट्या त्याहून जड आणि पाय ठेवावयास निसरडा कातळ. रविवारी टिलामूक उपसागरातून एक वाफेची बोट हौशी नेमबाजांना घेऊन या खडकांभोवती येई. नेमबाज पक्ष्यांच्या थव्यांवर गोळ्या झाडीत, मेलेले पक्षी पाण्यात तसेच सोडीत आणि सायंकाळी परत जात. मांसासाठी नव्हे, पिसांसाठी नव्हे. केवळ करमणुकीसाठी हे चाले. फिन्ले यांनी पाहिलेले मासिकांतून व व्याख्यानांतून मांडले आणि त्यांची छायाचित्रे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोचली. १९०७ च्या ऑक्टोबरात या खडकांना पक्ष्यांचे राखीव स्थान म्हणून संरक्षण मिळाले. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील असे ते पहिले स्थान म्हटले जाते.

या चित्रांत कलेच्या दृष्टीने नवे काय होते? त्यापूर्वीचा पक्ष्यांचा चित्रकार बहुधा मेलेला पक्षी तारेने ताणून समोर ठेवी आणि त्यावरून चित्र काढी. संग्रहालयातील पक्ष्याला रूप असते, परंतु त्याला काळ नसतो. तो काल काय करीत होता आणि उद्या काय करील, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. फिन्ले आणि बोलमन यांनी पक्ष्याला काळ मिळवून दिला. ते एकाच घरट्याकडे आठवड्यांमागून आठवडे जात. अंडे, आंधळे पिल्लू, कोवळी लव, पहिली पिसे, घरट्याच्या काठावरचा अनिश्चित उभा पक्षी आणि मग रिकामे घरटे, अशी मालिकाच ते घेत. १९०७ साली प्रसिद्ध झालेला फिन्ले यांचा ‘अमेरिकन बर्ड्स’ हा ग्रंथ म्हणजे अशा चरित्रांचा संग्रह होय. गुंजारव करणाऱ्या इवल्या हमिंगबर्डापासून सोनेरी गरुडापर्यंत, कावळ्यापासून खंड्यापर्यंत प्रत्येकाला तेथे बालपण आहे, आईबाप आहेत, भूक आहे. वाचकाला पक्ष्याची जात कळते, त्याबरोबरच एक विशिष्ट पक्षी ओळखीचा होतो. ओळखीच्या जिवाची पिसे टोपीवर लावणे अवघड असते. फिन्ले यांच्या यशाचे मर्म येथे आहे असे मला वाटते.

या पद्धतीची परमावधी म्हणजे १९०६ सालची कॅलिफोर्नियातील कॉन्डोरची मालिका. कॉन्डोर हे गिधाडासारखे, अतिविशाल पंखांचे पक्षी त्या वेळीच दुर्मीळ झाले होते. लॉस एंजेलिसजवळील डोंगरांतील एका घळीत त्यांचे घरटे सापडले. अंडे एकच असते. फिन्ले आणि बोलमन मार्चपासून उन्हाळ्यापर्यंत पुनःपुन्हा ती घळ चढून गेले आणि अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाची वाढ त्यांनी टिपली. आईबाप इतके निर्धास्त झाले की एकमेकांशी सलगी करणारी त्यांची जोडी अगदी जवळून चित्रित करता आली. टकल्या, सुरकुतलेल्या मानेचा, मृतमांसावर जगणारा हा पक्षी; सामान्य माणूस त्याच्याकडे किळसेने पाहतो. या छायाचित्रांत त्याचे दांपत्य असे उतरले आहे की पाहणाऱ्याला आपल्या किळसेचीच लाज वाटावी. गृध्रराज जटायूला ज्या संस्कृतीने आदराने स्मरले, तिच्या वाचकास या चित्रांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि येथेच पहिला प्रश्न उभा राहतो. ज्या पिल्लाचे हे चरित्र लिहिले गेले, ते पिल्लू अखेर घळीतून उडाले नाही. फिन्ले यांनी ते घरी नेले, त्याला ‘जनरल’ असे नाव दिले, पोर्टलँड येथे हाताने वाढविले आणि पुढे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाकडे पाठविले. त्याला हातावर घेतलेले फिन्ले यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात प्रेम निर्विवाद दिसते. त्या काळाच्या मापाने पाहता यात कोणास काही गैर वाटले नसेल. तरीही एका दुर्मीळ जोडप्याचे त्या विणीतील एकुलते पिल्लू डोंगरातून नाहीसे झाले, ही गोष्ट उरतेच. पुढे फिन्ले आणि त्यांच्या पत्नी आयरीन यांनी मिळून ‘लिटल बर्ड ब्लू’ (१९१५) आणि ‘वाइल्ड ॲनिमल पेट्स’ (१९२८) ही पुस्तके लिहिली. वन्य जीव घरात वाढविण्याच्या या गोष्टी मुलांना फार आवडल्या. वाचकाला पक्ष्याशी आप्तपणा वाटावा, हा फिन्ले यांचा आग्रह जितका फलदायी होता तितकाच तो निसरडाही होता. आप्तपणाला जवळ घ्यावेसे वाटते, जवळ घेतलेल्या जिवाला नाव द्यावेसे वाटते. आणि नाव मिळालेला पक्षी घळीचा न राहता आपला होतो. त्याची घळ मग कोणी विचारीत नाही.

छायाचित्राकडून चित्रपटाकडे जाणे फिन्ले यांच्या बाबतीत स्वाभाविकच होते. ज्याला घरट्यातील दिवसांची मालिका हवी होती, त्याला हलते चित्र मिळताच हवे तेच हाती आले. १९१० नंतरच्या वर्षांत ते अमेरिकाभर आपले मूकपट घेऊन हिंडले. ऑडुबॉन संस्थांच्या वतीने त्यांनी सभागृहांतून असंख्य व्याख्याने दिली. पडद्यावर पक्षी वावरत असे आणि बाजूला उभे राहून फिन्ले त्याची कथा सांगत. आपल्या वाचकांनी पिंगुळीचे चित्रकथी डोळ्यांसमोर आणावेत: एकामागून एक पट उलगडत जातात, कथा सांगणारा गातो आणि चित्रातील राम-सीता क्षणभर जिवंत होतात. फिन्ले यांची परंपरा अर्थातच निराळी, परंतु मेळ तोच आहे. मूक चित्राला माणसाच्या आवाजाची जोड मिळाली की श्रोता प्रेक्षक राहत नाही, तो कथेचा भागीदार होतो. या व्याख्यानांनी एका पिढीच्या मनातून पिसांची टोपी उतरविण्यास हातभार लावला, असे म्हणावयास हरकत नाही. १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा राष्ट्रीय कायदा झाला, तो अशा बदललेल्या लोकमताच्या आधारावरच टिकला.

तथापि फिन्ले यांच्या कार्याची खरी परीक्षा झाली ती समुद्राच्या खडकावर अथवा डोंगराच्या घळीत नव्हे, तर क्लॅमथच्या दलदलीत. ओरेगन व कॅलिफोर्निया यांच्या सीमेवर तेव्हा विस्तीर्ण उथळ तळी होती. त्यांत आपल्या लव्हाळ्यासारखे ट्यूल नावाचे गवत माणसाच्या उंचीहून वर वाढे. त्या गवताच्या तरंगत्या बेटांवर पाणकोळी वसाहती करीत आणि आपल्याकडील टिबुकलीच्या जातभाईंची, ग्रीब पक्ष्यांची, घरटी पाण्यावर डुलत. ही ग्रीब पिल्ले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र, रेशमासारख्या छातीच्या कातड्यासाठी त्यांची कत्तल चाले. बदकांची शिकार सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारासाठी होई. १९०५ साली फिन्ले आणि बोलमन यांनी होडीतून या गवताच्या चक्रव्यूहात आठवडेच्या आठवडे काढले. त्यांच्या छायाचित्रांनी पुन्हा एकदा काम केले. १९०८ च्या ८ ऑगस्टला रूझवेल्ट यांनी क्लॅमथ तळ्याचे राखीव क्षेत्र जाहीर केले. दहा दिवसांनी, १८ ऑगस्टला, पूर्व ओरेगनमधील मॅलहिअर तळ्याचेही क्षेत्र जाहीर झाले.

पुढे जे घडले ते असे. ज्या क्लॅमथ तळ्यावर पक्ष्यांचे राखीव क्षेत्र उभे राहिले, तेच तळे त्याच सरकारच्या पाटबंधारे योजनेच्या कक्षेत होते. ती योजना १९०५ सालीच मंजूर झाली होती. तळ्याकाठची ओली जमीन कोरडी करून ती शेतकऱ्यांना द्यावयाची, असा तिचा हेतू होता. १९१५ साली राखीव क्षेत्राचा मोठा भाग वगळला गेला. १९१७ साली नदीतून तळ्यात येणारे पाणी रेल्वेच्या बांधातील दरवाजे लावून तोडण्यात आले. काही वर्षांत तळे आटले. खाली निघालेली जमीन क्षारयुक्त असल्याने शेतीलाही फारशी उपयोगी पडली नाही. कुजक्या गवताच्या थरांना आगी लागल्या आणि वाऱ्याबरोबर धुळीचे लोट उठू लागले. एका खात्याने पक्ष्यांना अभय दिले आणि दुसऱ्या खात्याने त्यांच्या पायांखालचे पाणी नेले. यात कोणा एका दुष्टाचा हात दाखविता येत नाही. कागदोपत्री अभयारण्य शाबूत होते. बंदूक घेऊन तेथे कोणी शिरले असते तर त्याला पकडता आले असते. पाणी घेऊन जाणाऱ्याला पकडण्याची तरतूद मात्र कोठेच नव्हती.

आता फिन्ले-बोलमन यांची क्लॅमथची छायाचित्रे पुन्हा समोर ठेवून पाहावीत. घरट्यावरील ग्रीब आहे, पाणकोळ्यांची वसाहत आहे, होडी आहे, गवत आहे. पाणीही आहे, परंतु ते पार्श्वभूमीसारखे. पक्षी उठून दिसावा म्हणून मागे पसरलेले. ते किती आहे, कोठून येते, कोणाच्या हातात आहे, हे चित्र विचारीत नाही. जवळून घेतलेल्या चित्राचा हा स्वभावच आहे. पक्षी जितका जवळ येतो तितके तळे चौकटीबाहेर जाते. बंदुकीविरुद्ध असे चित्र अमोघ होते, कारण बंदुकीचा बळीही एक एकटा पक्षीच असतो. चित्रातील जिवंत पक्षी आणि टोपीवरील मेलेला पक्षी यांची तुलना पाहणाऱ्याच्या मनात आपोआप होई. कालव्याचा बळी मात्र असा हाती सापडत नाही. तळे आटले की पक्षी मरताना दिसत नाहीत, ते नुसते येत नाहीत. न आलेल्या पक्ष्याचे छायाचित्र कसे घ्यावयाचे? शिवाय व्याधाला चेहरा होता आणि तो कोणासही अप्रिय होता. पाणी मागणारा होता तो शेतकरी. त्याच्या मागे बायकामुले आणि एका वाढत्या राष्ट्राचे स्वप्न होते. त्याच्याविषयी चीड निर्माण करणे शक्यही नव्हते आणि न्याय्यही नव्हते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की छायाचित्रकाराकडून पाटबंधाऱ्याच्या हिशेबाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याने पक्षी दाखविला, पाण्याची काळजी राज्यकर्त्यांनी वाहावी. फिन्ले निव्वळ छायाचित्रकार असते तर हा आक्षेप मी मान्य केला असता. परंतु १९११ साली ते ओरेगन राज्याचे शिकार-रक्षण अधिकारी झाले आणि पुढे राज्याचे जीवशास्त्रज्ञही होते. चित्राने कायदा घडविता येतो या श्रद्धेवर त्यांचे सारे आयुष्य उभे होते. जे चित्र कायदा मागते, त्याने योग्य तो कायदा मागितला की नाही, हे विचारण्याचा अधिकार टीकेला आहे. आणि या परीक्षणास सर्वांत मोठा आधार स्वतः फिन्लेच देतात, कारण आपल्या कामातील ही उणीव त्यांच्या ध्यानात आली होती, असे त्यांचे उत्तरायुष्य सांगते.

मॅलहिअर तळ्याची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९०८ साली दोघे मित्र तेथे पांढऱ्या बगळ्यांच्या शोधात गेले, तेव्हा त्यांना कळले की १८९८ साली पिसांच्या शिकाऱ्यांनी ती वसाहत संपविली होती आणि दहा वर्षांनंतरही ती सावरली नव्हती. त्यांच्या चित्रांनी तळ्याला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण ओढ्यानद्यांचे पाणी वरच्या बाजूला शेतीसाठी वळविले जात होते आणि तळ्याच्या तळजमिनीवर मालकी राज्याची की राष्ट्राची, हा वाद पेटला. १९२० साली ते तळे पक्ष्यांसाठी राष्ट्राकडे सोपवावे असा प्रस्ताव ओरेगनच्या मतदारांपुढे आला. त्याला रूझवेल्ट यांचे नाव दिले होते, आणि फिन्ले यांनी त्यासाठी जिवापाड प्रयत्न केले. मतदारांनी तो फेटाळला. ज्या राज्यात फिन्ले यांची व्याख्याने वर्षानुवर्षे गाजली, त्याच राज्याचा हा कौल होता. पडद्यावरील पिल्लासाठी डोळे ओले करणे एक आणि तळ्यासाठी जमिनीवरचा हक्क सोडणे दुसरे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

फिन्ले यांचे मोठेपण मला यापुढील वर्षांत अधिक दिसते. त्यांनी वाटेल तितके सुंदर पक्षिपट आणखी काढले असते तरी कोणी त्यांना नावे ठेवली नसती. त्यांनी चित्रपट सोडले नाहीत, परंतु त्याबरोबर आटलेल्या तळ्यांविषयी लिहिणे, बोलणे, सरकारी कचेऱ्यांची पायरी चढणे सुरू ठेवले. क्लॅमथचा नाश त्यांनी जाहीरपणे सांगितला. १९३० नंतरच्या दुष्काळात मॅलहिअर तळे जवळजवळ कोरडे पडले. अखेर १९३५ साली दोन गोष्टी घडल्या. तळजमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात राष्ट्राच्या बाजूने सुटला. आणि तळ्याला पाणी पुरविणाऱ्या ब्लिट्झेन नदीच्या खोऱ्यातील सुमारे ६५,००० एकर जमीन सरकारने एका कंपनीकडून विकत घेतली. फिन्ले आणि त्यांचे सहकारी हेच मागत होते. १९०८ साली त्यांनी पक्षी मागितला होता. १९३५ पर्यंत ते नदी मागावयास शिकले होते. या सत्तावीस वर्षांतील शिक्षण त्यांच्या कोणत्याही एका छायाचित्रात दिसत नाही. पण त्यांच्या सर्व छायाचित्रांचा अर्थ त्यामुळे बदलतो.

आणखी एक गोष्ट चौकटीबाहेर राहिली आहे, तिचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. ही तळी निर्मनुष्य नव्हती. क्लॅमथ आणि मोडॉक लोक त्या लव्हाळ्यांच्या, त्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या जगत होते. मॅलहिअरच्या परिसरात पायूट लोकांसाठी १८७२ साली राखून ठेवलेली भूमी होती; १८७८ च्या युद्धानंतर त्यांना तेथून दूर नेण्यात आले आणि ती भूमी इतरांना खुली झाली. फिन्ले तेथे पोचले तेव्हा या घटनेस तीस वर्षेच झाली होती. माणूस नसलेले रान हे त्या रानाचे मूळ रूप नव्हते, ते इतिहासाने तसे केले होते. त्या पिढीच्या बहुतेक निसर्गप्रेमींप्रमाणे फिन्ले यांच्या कॅमेऱ्यासही हे दिसले नाही.

१९५३ साली फिन्ले वारले. १९६४ साली विलामेट खोऱ्यात हंसजातीच्या पक्ष्यांच्या हिवाळी मुक्कामासाठी स्थापन झालेल्या अभयारण्यास त्यांचे नाव देण्यात आले. थ्री आर्च रॉक्सवर मर्र आजही अंडी घालतात. ज्या कॉन्डोरांचे त्यांनी चरित्र लिहिले, त्यांची संख्या इतकी घटली की १९८७ साली रानातील शेवटचा पक्षीही पकडून संगोपनासाठी न्यावा लागला. पिंजऱ्यात वाढविलेले कॉन्डोर १९९२ पासून पुन्हा डोंगरांत सोडण्यात आले. म्हणजे ‘जनरल’च्या जातीला अखेर पिंजऱ्यानेच तारले, हा नियतीचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. वर मी जो दोष दाखविला, त्याच्याकडे या घटनेमुळे थोड्या नम्रपणे पाहावे लागते. क्लॅमथचे काय? तेथे १९४० नंतर बोगदा काढून काही पाणी परत आणले गेले आणि पक्षीही परतले. परंतु पाण्याचा वाद मिटला नाही. २०२० साली उथळ, तापलेल्या पाण्यात रोग पसरून त्या परिसरात अंदाजे ६०,००० पक्षी मेल्याचे सांगितले जाते. बंदूक कोणाच्याही हातात नव्हती.

मग फिन्ले यांच्या चित्रांचे मूल्य काय? माझ्या मते ते कमी होत नाही. ते योग्य जागी ठेवावे लागते. एखाद्या जिवाविषयी आस्था निर्माण होणे ही पहिली पायरी, आणि ती पायरी फिन्ले यांच्याइतक्या भक्कमपणे फार थोड्यांनी बांधली. ती नसती तर तळ्यासाठी भांडावयास कोणी उभेच राहिले नसते. चूक होते ती पहिल्या पायरीलाच गाभारा समजण्यात. आज आपल्या हातातील यंत्रावर दररोज शेकडो पक्षिचित्रे येतात. फिन्ले यांना ज्यासाठी महिनाभर कड्यावर लोंबकळावे लागे, ते क्षणात दिसते, आणि आपण संतोषाने पुढचे चित्र पाहतो. त्यातील किती चित्रांत पाणी कोठून येते हे दिसते?

मंदिराशी संबंध असलेल्या आपल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. देवस्थान म्हणजे केवळ मूर्ती नव्हे. तळी, देवराई, ओढा आणि पायवाट मिळून ते देवस्थान होते, असे आपले पूर्वज मानीत. आज मूर्तीचे छायाचित्र घरोघरी आहे, आणि तळीचा गाळ काढावयाचा प्रश्न मात्र सभेपुढे वर्षानुवर्षे पडून असतो, असे चित्र किती ठिकाणी दिसते, हे ज्याचे त्याने पाहावे. भक्ती खोटी असते असे नाही. तिचीही चौकट लहान झालेली असते, इतकेच.

तमसेच्या तीरावर वाल्मीकींनी भरद्वाजास आधी पाणी दाखविले, ही गोष्ट मला आता केवळ वर्णनाचा भाग वाटत नाही. पाणी निर्मळ होते म्हणून क्रौंच तेथे होते, आणि क्रौंच तेथे होते म्हणून पुढचे सारे काव्य झाले. फिन्ले यांनी पक्ष्यापासून आरंभ केला आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते पाण्यापर्यंत पोचले. उलट दिशेने का होईना, ते तेथवर पोचले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य करावयास हवे.